सर्टिफिकेट कुणाच्या भिंतीवर

मोहिनी आत्या रविवारी सकाळी मंचरहून अवसरीला आली, पण आपणहून नव्हे. तिला बोलावणं धाडलं होतं, तेही तेजस्विनीला समजवायला. भोरांच्या घरात कुणाला समजवायचं झालं की मोहिनीला बोलवायचं, हे तिच्या लग्नापासून चालत आलेलं. अमृत आणि संपत, दोघे भाऊ अंगानं दांडगे, बैल उधळला तर धरतील. पण घरात कुणाशी चार शब्द बोलायची वेळ आली की दोघांच्या तोंडाला कुलूप. मग बहिणीला फोन.

या वेळची अडचण अमृतच्या पोरीची होती. तेजस्विनी बी.फार्म. झाली, गेल्या महिन्यात तिचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट घरी आलं, आणि तिथंच सगळं घोडं अडलं. संपतनं कळंबला हायवेच्या कडेला गाळा घेतला होता, औषधांचं दुकान टाकायला. अशा दुकानाला फार्मासिस्ट लागतो. त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर हवं, आणि दुकान उघडं असेतोवर तो माणूसही आत हवा. संपतकडे डिग्री नव्हती, पुतणी होती. तिनं फॉर्मवर सही करायची की मी इथं पूर्ण वेळ काम करते, सर्टिफिकेट काचेत घालून टांगायचं, आणि तिनं घरी राहायचं. ती खरोखर दुकानात बसेल असं कुणाच्या मनातही नव्हतं; हायवेच्या दुकानात लग्नाची पोरगी कशाला उभी करा. असं कुणी कुणी करतं, सगळ्या बाजारपेठेला ते माहीत असतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

त्यात पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं तेजस्विनीला औषध विभागात शिकाऊ म्हणून घेतलं. मंगळवारी हजर व्हायचं होतं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की उमेदवाराचं नाव दुसऱ्या कुठल्याही दुकानावर असता कामा नये. आणि संपतच्या गाळ्याची सरकारी तपासणी होती सोमवारी दुपारी. सोमवारी सही केली की मंगळवार हातचा गेला.

तेजस्विनी सकाळपासून कांद्याच्या वावरात होती. काढणीला बाया कमी पडल्या म्हणून तीही विळा घेऊन पात कापायला बसली होती. आत्या आलीय असा निरोप मिळाल्यावर ती उठली, हात धुतले, आणि कशाला आलीय हे कुणी न सांगताच तिला कळलं.

जेवताना विषय निघाला. मोहिनीनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सुरुवात केली आणि सगळ्यांची पानं होईतोवर बोलत राहिली. घरातली पहिली शिकलेली मुलगी ती. डी.फार्म. करून लग्न झालं आणि मंचरला नवऱ्याच्या, हांडे दाजींच्या, दुकानात तिचं सर्टिफिकेट लागलं, त्याला बावीस वर्षं झाली. ती या लाइनमधली, तिला कळतं, असं घरात सगळे धरून चालत. पुण्याच्या नोकरीत बारा बारा तास उभं राहावं लागतं, तिनं सांगितलं. रूमवर तीन पोरींबरोबर राहायचं, मेसचं खायचं, वर कुणाची तरी बोलणी. त्यापेक्षा घरचं दुकान, घरचं नाव. उद्या लग्न झालं तरी सर्टिफिकेट आहे तिथं राहतं, पोरंबाळं सांभाळता येतात, कुणी रजेचा हिशेब मागत नाही. माझं काय वाईट झालं, असं तिनं दोनदा विचारलं.

तेजस्विनीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"आत्या, तू दुकानात कधी बसतेस?"

"लागेल तेव्हा जाते की," मोहिनी म्हणाली आणि रस्सा वाढून घेतला.

हे खोटं होतं, आणि पानावर बसलेल्यांत ते फक्त मोहिनीला आणि संपतला माहीत होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती नवी साडी नेसून दुकानात जाई. बाकी वर्षभर दर शनिवारी दाजी बिलबुकं घरी आणत आणि ती टीव्हीसमोर बसून कोऱ्या पानांवर सह्या करी. पहिली दोन-तीन वर्षं तिनं विचारलं होतं की मी येऊन बसू का. सासू म्हणाली मूल लहान आहे, मग दुसरं मूल लहान होतं, मग सासूच आजारी पडली. नंतर विचारायचं राहून गेलं. पोरीच्या प्रश्नानं तिला राग आला, आणि राग नेमका कशाचा हे तिला धड कळेना. म्हणून ती आणखी जोरात समजावू लागली.

संपत ताटावरून उठायच्या बेतात थांबला. बोलायचं त्यानं बरेच दिवस मनात धरलं असावं.

"तेजू, चवदा वर्सं दाजींच्या दुकानात मीच उभा व्हतो. डॉक्टरचं अक्षर कसलंबी असू दे, मला लागतं. कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली न्हाई, समदं तोंडपाठ. पण कागद न्हाई. लोक मला अजून पोऱ्याच म्हणत्यात. मला लई काय नको, एक माझं दुकान पायजे. तू न्हाई म्हनलीस तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

तेजस्विनीला याच बोलण्याची भीती वाटत होती. काकाला ती कधीच नाही म्हणू शकली नव्हती. सहावीत असताना औषधांची नावं तिला काकानंच शिकवली, रिकामी खोकी ओळीनं मांडून. कॉलेजला असताना दर सोमवारी पहाटे तो तिला मोटारसायकलवर मंचरच्या स्टॅण्डवर सोडायचा आणि एसटी सुटेपर्यंत थांबायचा. तिनं वडलांकडे पाहिलं. अमृतनं पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाला, "तुमी ठरवा. मी काय बोलनार." भावाशी त्याचं आजवर बिनसलं नव्हतं, आणि पोरीसाठी बिनसू द्यायची त्याची तयारी नव्हती.

"बरं," तेजस्विनी म्हणाली. "करते सही."

संपतनं डोळे पुसले. मोहिनी म्हणाली, शहाणी आहे माझी बाय. आणि मग सगळे एकदम कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले.

आरती तेवढी बोलली नाही. संपतची बायको ती, मंचरच्या एका खासगी दवाखान्यात सोळा वर्षं सिस्टर. घरातली खरोखर नोकरी करणारी बाई ही एकच, पण तिला सल्ला कुणी विचारला नाही, कारण ती कोणत्या बाजूची हे सगळ्यांनी धरलेलं होतं. ते बरोबरही होतं. कळंबचा गाळा म्हणजे तिची सोळा वर्षांची ड्युटी होती. पाय सुजेतोवर उभं राहून झाल्यावर आता तिलाही वाटत होतं, काहीतरी आपलं असावं.

ती दुपारच्या ड्युटीला निघाली तेव्हा तेजस्विनी गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"काकी, तुमच्या दवाखान्यात शिकायला पोरी येतात. त्यांच्यातली कुणी असं विचारायला आली, तर तू काय सांगतेस?"

आरतीनं स्कार्फ बांधता बांधता हात थांबवला. दवाखान्यात नव्या पोरी आल्या की पहिल्या दिवशी ती एकच गोष्ट सांगायची. कागद स्वतःच्या पेटीत ठेवा, कुणाला देऊ नका, भावाला नाही, नवऱ्याला नाही. हात चालवायला शिका, तीन वर्षं मोठ्या ठिकाणी काढा, मग कुठंही जा. पोरी हसायच्या, पण ऐकायच्या.

"त्या पोरी परक्या, तेजू," ती म्हणाली. "परक्या पोरीला खरं सांगताना आपलं काही जात नाही."

एवढं बोलून तिनं गाडी चालू केली. मंचर येईतोवर तिला स्वतःची लाज वाटत राहिली, पण ती परत फिरली नाही.

सोमवारी बारा वाजता सगळे कळंबच्या गाळ्यात जमले. खरं म्हणजे संपत आणि तेजस्विनी एवढी दोघंच पुरे होती. पण संपतनं नवा शर्ट घातला, आरतीनं सुट्टी टाकली, आणि मोहिनी पेढे घेऊन मंचरहून आली, शुभ काम आहे आणि पोरीला धीर येईल म्हणून. तिनं येऊ नये असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. भोरांच्या घरात मुहूर्ताला बहीण लागते, आणि सरकारी तपासणीही त्यांनी मुहूर्तातच धरली होती.

इन्स्पेक्टर मॅडम वेळेवर आल्या. पन्नाशीच्या आतल्या, पायात साधे बूट, हातात फाइल. त्यांनी पाणी घेतलं, पेढा घेतला नाही. टेप लावून गाळा मोजला, फ्रीज उघडून आतला थंडावा पाहिला, फळ्यांवरून बोट फिरवलं. संपत पाठोपाठ फिरत उत्तरं देत होता, आणि खरंच चांगली देत होता. इन्सुलिन कुठं ठेवणार, मुदत संपलेली औषधं कुठं वेगळी काढणार, सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. मॅडमनी मान हलवली.

"तुम्हाला माहिती चांगली आहे. फार्मासिस्ट कोण?"

तेजस्विनी पुढं झाली. मॅडमनी सर्टिफिकेट पाहिलं, फॉर्म काढला आणि पेन तिच्यापुढं धरलं. तेजस्विनीच्या कपाळावर घाम आला होता. मोहिनीला ते दिसलं, आणि पोरीला आधार द्यावा म्हणून ती मधे बोलली.

"घाबरती जरा, मॅडम. पहिलीच वेळ आहे. पण आमच्या घरात हे नवीन नाही. मीसुद्धा फार्मासिस्टच आहे, बावीस वर्षं. मंचरला आमचं दुकान आहे, हांड्यांचं."

मॅडम तिच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता.

"असं का? मग आत्ता तुमच्या दुकानात कोण आहे?"

मोहिनीचं तोंड उघडंच होतं. आपण काय बोलून बसलो हे तिला कळायला एक क्षण लागला, आणि मग एकदमच कळलं.

"मी तीनदा तुमच्या दुकानात येऊन गेले आहे," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी फार्मासिस्ट नुकत्याच जेवायला गेलेल्या. आज तुमची भेट झाली. मी इथून पुढं मंचरलाच चालले आहे."

संपतचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. दाजींना एक फोन केला असता तर दहा मिनिटांत शटर खाली आलं असतं. पण आरती त्याच्या शेजारीच उभी होती. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि हळू पण स्पष्ट म्हणाली, "नका करू." त्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तिनं असा हात धरलेला त्याला आठवत नव्हता. मोबाइल खिशातच राहिला.

मोहिनीला खोटं सुचलं नाही असं नव्हे. आज रजा आहे, दुकान बंद आहे, ताप होता, काय वाटेल ते सांगता आलं असतं. बावीस वर्षांत तिचं त्यातलं बरंच सांगून झालं होतं. पण समोर पोरगी पेन हातात धरून उभी होती आणि तिच्याचकडे बघत होती. आदल्या दिवशी याच पोरीला आपण म्हणालो, माझं काय वाईट झालं.

"दुकानात माझा नवरा आहे," ती म्हणाली. "त्याच्याकडे डिग्री नाही. मी दुकानात जात नाही, मॅडम. कधीच बसले नाही. मला आता औषधांची नावंही धड येत नाहीत. परवा दिराच्या लहान पोराला ताप आला, तर किती औषध पाजायचं ते मी यालाच फोन करून विचारलं." तिनं संपतकडे बोट केलं. मग ती तेजस्विनीकडे वळली. "काल जे सांगितलं ते विसर. मला सोयीचं होतं म्हणून सांगितलं. तू पण तेच केलंस तर माझं बरोबर ठरलं असतं ना."

"आक्का," संपत म्हणाला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. उपदेश करायची त्यांना सवय नसावी, पण तेजस्विनीच्या हातातलं पेन पाहून त्या तिच्याशी बोलल्या.

"तुम्ही सही करा किंवा करू नका, तो तुमचा प्रश्न. मी फक्त नियम सांगते. या दुकानात तुमच्या नावाखाली कुणी चुकीची गोळी दिली, तर मी तुम्हालाच विचारणार. तेव्हा तुम्ही घरी होतात हे मला चालणार नाही, कारण इथं असते असं तुम्हीच लिहून दिलेलं असेल. आता सांगा. पूर्ण वेळ इथं बसणार आहात?"

तेजस्विनीनं काकाकडे पाहिलं. त्याचा नवा शर्ट पाठीवर भिजला होता. त्याच्याकडे न बघता उत्तर देणं सोपं गेलं असतं, पण तिनं त्याच्याकडे बघूनच दिलं.

"नाही. मी उद्या पुण्याला जाणार आहे."

तिनं पेन फॉर्मवर ठेवलं. मॅडमनी फाइल बंद केली. खरोखर बसणारा फार्मासिस्ट मिळाला की कळवा, बाकी गाळा व्यवस्थित आहे, असं त्यांनी संपतला सांगितलं. संपत औषधांच्या रिकाम्या खोक्यावर बसला. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो ओरडला नाही.

"जा," तो तेजस्विनीला म्हणाला. "तुझं खरं हाय. पण उद्या स्टॅण्डवर सोडाया मी येनार न्हाई. मला जमनार न्हाई. तुझ्या बापाला सांग."

तिला तिथंच रडू आलं. संपतनं मान खाली घातली ती वर केली नाही. आरती त्याच्याजवळ खाली फरशीवर बसली आणि दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या मुली कोण कोण होत्या, कुणाचा भाऊ फार्मासिस्ट होता, ते आठवायला लागली. संपत ऐकत होता.

मोहिनी बाहेर आली. मॅडमची गाडी निघत होती. तिनं काचेवर टकटक केलं.

"आता काय होईल?"

"मी जाऊन बघेन, जे दिसेल ते लिहीन. नोटीस निघेल. फार्मासिस्ट नसेल तर दुकान बंद ठेवावं लागेल."

"आणि असेल तर?"

"नोटीस तरी निघेलच. मागचं पुसलं जात नाही. पण दुकान चालू राहील."

मोहिनीनं मान डोलावली आणि तेजस्विनीला हाक मारली. स्कूटी काढ म्हणाली. तेजस्विनीनं ओढणीनं तोंड पुसलं, किक मारली, आणि दोघी गाडीच्या मागोमाग मंचरच्या रस्त्याला लागल्या. वाटेत आत्या एकच बोलली. लहान मुलांना तापाचं औषध वजनावर देतात की वयावर, असं तिनं विचारलं. वजनावर, तेजस्विनीनं सांगितलं, आणि कसं मोजायचं तेही सांगितलं. आत्यानं ते मागे बसून दोनदा पुटपुटलं.

त्या पोचल्या तेव्हा मॅडम काउंटरशी उभ्या होत्या. आत खुर्चीवर दाजी होते, मागच्या भिंतीवर काचेत सर्टिफिकेट, त्यावर बावीस वर्षांपूर्वीच्या मोहिनीचा फोटो, दोन वेण्यांतला. मॅडमनी फार्मासिस्ट कुठं आहेत म्हणून विचारलं असावं, कारण दाजी नेहमीच्या सवयीनं हसत सांगत होते, "काय मॅडम, चुकामूक झाली बघा. ह्या आत्ताच जेवायला गेल्या." मग त्यांना पायरीवरची बायको दिसली. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"तू हितं काय करतीस?"

मोहिनीनं चप्पल पायरीखाली काढली.

"कामावर आले," ती म्हणाली, आणि काउंटरची फळी उचलून आत गेली.